एका तासाला एक लिटर

मिरजेच्या एका रुग्णालयात मी डायलिसिस टेक्निशियन आहे. पहिली शिफ्ट सकाळी सातला लागते, पण माझं काम त्याआधी तासभर सुरू होतं, पाण्याच्या खोलीत. तिथे माणसाच्या उंचीच्या दोन टाक्या एकामागे एक उभ्या आहेत. दोन्हींत कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन. दोन टाक्यांच्या मधल्या पाइपला एक छोटा नळ आहे. तो उघडायचा, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, नमुना घ्यायचा आणि क्लोरीन तपासायचं. निकाल वहीत लिहायचा, खाली सही करायची. मगच पेशंटला आत घ्यायचं. सतरा वर्षांत ही वही एक दिवसही कोरी राहिलेली नाही.

याचं कारण सांगते. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. ते पोटातून, आतड्यातून, शरीराच्या परवानगीने रक्तात जातं. डायलिसिसच्या पेशंटच्या रक्ताशेजारून मिनिटाला ५०० मिलिलिटर पाणी वाहतं, चार तासांत १२० लिटर. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये असतो केसाहून पातळ पडदा. नळाच्या पाण्यातला जो क्लोरीन आपल्याला जुलाब-काविळीपासून वाचवतो, तोच या पडद्यातून पलीकडे गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन असलेलं पाणी आम्हाला चालत नाही. पहिली टाकी थकली तर दुसरी सांभाळून घेते, आणि पहिली थकल्याचं मधला नळ सांगतो.

हे सगळं मला पाठ होतं. तरी घरी, सांगलीत विश्रामबागला, हॉलमध्ये ठेवलेल्या काचेच्या टाकीतले पाच गोल्डफिश याच नियमाने जगतात, हे लक्षात यायला मला वर्ष लागलं.

टाकी मुलाच्या हट्टाने आली. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ११० लिटर पाणी. सगळे घेतात तेच दुकानदाराने सोबत दिलं, हायपोचे खडे आणि निळ्या औषधाची बाटली. दर रविवारी निम्मं पाणी नळीने ओढून काढायचं, बादल्या भरून नवीन ओतायचं, वर चार खडे हायपो टाकायचे. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते क्लोरीन मारतं, ते काही खोटं नाही. पण रविवार दुपारभर मासे कोपऱ्यात तळाशी बसून राहायचे, पंख मिटून. संध्याकाळी हळूहळू फिरायला लागायचे. मुलगा म्हणायचा, आई, आंघोळ घातल्यावर ते दमतात.

त्या 'दमतात'पाशी मी थांबले. कारण हाच शब्द मी रोज वॉर्डात ऐकते. चार तासांनी मशीन काढलं की पेशंट उठून बसतो, पाय खाली सोडतो आणि तसाच बसून राहतो. "ताई, दमल्यागत झालं." घाण गेलेली असते, अंगावरचं पाणी उतरलेलं असतं, रिपोर्ट चांगला असतो. आणि माणूस गळून गेलेला असतो.

धडधाकट माणसाची मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत घेतात. लघवी होते दीड लिटर. हे काम झोपेत, जेवताना, एसटीत उभं असताना, न थांबता चालू असतं. रक्तातलं युरिया, पोटॅशियम एका रेषेत राहतं. नेदरलँड्समधल्या विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, युद्ध चालू असताना, सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिलं कृत्रिम मूत्रपिंड चालवलं. त्यांच्यापुढे मी रोज मनात हात जोडते. पण आजचं आमचं चांगल्यातलं चांगलं मशीनसुद्धा आठवड्यातून तीनदा चार-चार तासच चालतं. मधल्या दिवसांत घाण साठत जाते आणि मग एका दमात उतरवली जाते. शुक्रवारी किंवा शनिवारी डायलिसिस झालेला पेशंट दोन दिवसांच्या खाड्यानंतर सोमवारी किंवा मंगळवारी येतो, तेव्हा त्याचा चेहरा बघूनच वजन किती वाढलंय ते कळतं. सगळ्यात जास्त काळजी आम्हाला त्याच दिवसाची असते.

मासा आपली घाण त्याच पाण्यात सोडतो ज्यात तो श्वास घेतो. गोड्या पाण्यातल्या माशाचा अमोनिया बहुतेक कल्ल्यांतूनच बाहेर पडतो. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण त्याला पुढे वाट नाही. झाडं थोडं खातात, बाकी साठत जातं. ते बाहेर काढायचं ते पाणी बदलूनच. म्हणजे मी दर रविवारी माझ्या माशांचं डायलिसिस करत होते, आणि तेही आठवड्यातून एकदाच.

मग थेंबाचा विचार डोक्यात आला. नवीन पाणी रात्रंदिवस थेंबाथेंबाने आत यावं आणि तेवढंच जुनं बाहेर जावं. काचेला वरून दोन इंचांवर भोक पाडून घेतलं, त्याला पाइप जोडून भिंतीबाहेर काढला. पाण्याची पातळी त्या भोकाशी आली की जास्तीचं आपोआप बाहेर. इथपर्यंत सोपं होतं. अडलं ते आत येणाऱ्या पाण्यावर.

हात सरावाने सलाईनच्या सेटकडे गेला. मेडिकलमधून नवा विकत आणला. रुग्णालयातली वस्तू घरी आणायची नाही हा माझा नियम आहे. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब पाडला तर दिवसाला सव्वाचार लिटर. चाक फिरवून मला हवा तेवढा वेग मी डोळे मिटून लावू शकते. पण बाटली हुकाला एका उंचीवर असते, गच्चीवरच्या टाकीचं तसं नाही. सकाळी पाणी सुटलं की टाकी भरते, दिवसभर उतरते, दाब बदलतो आणि चाक तिथेच असून थेंब मंदावतात. त्यात पावसाळ्यातलं आपल्या कृष्णेचं पाणी. कितीही गाळून आलं तरी गच्चीवरच्या टाकीच्या तळाला बारीक लाल-तपकिरी साय धरतेच. चाकाच्या फटीत तिचा एक कण अडकला की थेंब बंद. पंधरा दिवसांत मी कंटाळले.

वाट दाखवली ती माझ्या एका पेशंटने. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले. सुई लावताना मी काहीतरी बोलत असते, म्हणजे त्यांचं लक्ष हातावर राहत नाही. त्या दिवशी माशांचं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, चाक कशाला फिरवत बसताय? ड्रिपर लावा की." पुढच्या खेपेला त्यांनी शर्टाच्या खिशातून पेपरात गुंडाळलेले चार काळे ड्रिपर काढून माझ्या हातावर ठेवले. द्राक्षाच्या वेलीला मुळाशी पाणी देतात ते ठिबकचे, सुपारीएवढे. आत नागमोडी वाट असते. पाणी त्या वाटेने रखडत जातं म्हणून भोक मोठं असूनही थेंब लहान पडतो आणि सहसा तुंबत नाही. तुंबलाच तर उघडून धुता येतो. "दोन लिटरचा हाय," ते म्हणाले. म्हणजे पुरता दाब असेल तर तासाला दोन लिटर. आमच्या गच्चीवरून खालपर्यंत दाब कमी, त्यामुळे मापाचं भांडं धरून घड्याळ लावलं तेव्हा तासाला एक लिटरच्या आसपास भरलं. टाकी भरलेली असो वा निम्मी, फार फरक पडत नव्हता. दिवसाला २४ लिटर. मला नेमकं एवढंच हवं होतं.

याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला होता, कारण मशीनवर काम करणाऱ्याला आकडे दिसल्याशिवाय चैन पडत नाही. समजा माशांमुळे रोज लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर रविवारी सकाळी ते ७० वर असतं, दुपारी ३५ वर येतं आणि पुन्हा चढायला लागतं. हा झोका कधी संपत नाही. दिवसाला २४ लिटर थेंबाने सोडलं तर ते २३ च्या जवळ येऊन थांबतं आणि तिथेच राहतं. आता यात एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. थेंबाच्या पद्धतीत पाणी जास्त लागतं, कारण जुन्याबरोबर थोडं नवंही बाहेर जातं. अख्ख्या टाकीएवढं पाणी थेंबाथेंबाने सोडलं तरी ३७ टक्के जुनं आत उरतं. रविवारी बदलत होते तेवढंच ५५ लिटर आठवडाभर थेंबाने सोडलं असतं, तर नायट्रेट ७० वरच स्थिर राहिलं असतं. झोका गेला असता, घाण कमी झाली नसती. पाणी वाचवायचा हा उपाय नाही. माशाला एकाच दिवशी धक्का न देण्याचा आहे.

आणि आता फिल्टर. थेंबाने येणाऱ्या पाण्यात हायपो कोण टाकत बसणार? तेव्हा क्लोरीन वाटेतच गेलं पाहिजे. स्वयंपाकघरात लावतात तेच दहा इंची फिल्टर मी आणले. आधी दोऱ्यासारखा पांढरा स्पन फिल्टर, गाळासाठी. मग कार्बनची कँडल. आरओ मुद्दाम घेतला नाही. डायलिसिसला आरओ लागतो, कारण तिथे पाण्यातलं सगळं काढून मग हवे तेवढे क्षार आपण मोजून घालतो. माशाला पाण्यातले क्षार हवेच असतात. कोरं पाणी देऊन वर पुन्हा मीठ मोजत बसण्यात अर्थ नाही, शिवाय आरओ जेवढं देतो त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो.

कार्बनचं काम पाण्याला किती वेळ मिळतो यावर चालतं, आणि घरोघरी फिल्टर लावणाऱ्यांना हेच कुणी सांगत नाही. आमच्या रुग्णालयातल्या टाक्या एवढ्या मोठ्या आहेत, कारण पाणी कोळशाच्या सहवासात निदान दहा मिनिटं राहावं लागतं. साध्या क्लोरीनला इतका वेळ लागत नाही. पण पाण्यात अमोनिया असला की त्याच्याशी जुळून क्लोरीनचं क्लोरामाइन होतं, आणि ते चिवट. नदीत सांडपाणी उतरतं तिथे अमोनिया असणारच. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत सोडणारा शेरीनाला सांगलीकरांना नव्याने सांगायला नको. स्वयंपाकघराच्या नळाला लावलेल्या कँडलमधून पाणी काही सेकंदांत पार होतं. तीच कँडल तासाला एक लिटरच्या वेगाने चालवली तर पाणी आत वीस-पंचवीस मिनिटं रेंगाळतं. बाजारातली साधी कँडल थेंबाच्या वेगाला मोठ्या टाकीचं काम करते. हे पहिल्यांदा गणित करून उमगलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. क्लोरामाइन फुटल्यावर मागे जो थोडा अमोनिया उरतो, तोही तासाला लिटरभर पाण्यातून येतो आणि स्पंजातले जिवाणू तो सहज पचवतात. एकदम पाच बादल्या ओतल्या तर त्यांनाही झेपत नाही.

घरात या सगळ्याला एकाच माणसाचा विरोध होता. माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. जत तालुक्यातल्या, लग्नाआधी दोन मैलांवरून घागर आणणाऱ्या. पाइपमधून भिंतीबाहेर पडणारी धार त्यांनी पाहिली आणि दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आमी एक घागर दोन दीस पुरवायचो गं. आन् तुज्या माशास्नी रोजची दीड बारडी?"

मला उत्तर देता येईना. एप्रिल २०१६ मध्ये मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीला १० वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आमच्याच नदीचं पाणी दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसांच्या घशाला निघालं होतं. त्या वेळी आत्या टीव्हीसमोर बसून रडल्या होत्या. लातूरला त्यांचं कुणी नव्हतं.

मी पाइप वळवला. भिंतीबाहेर कुंड्या आणि जमिनीचा चार हातांचा तुकडा आहे, तिथे तो नेऊन सोडला. पूर्वी आत्या त्या तुकड्याला नळाचं पाणी घालायच्या, ते बंद झालं. माशाच्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडाला खतच. अक्षयतृतीयेला त्यांनी तिथे हळदीचे गड्डे लावले. सांगलीत हळदीची पोती आयुष्यभर पाहिली, पण हळदीचं पान मी जवळून पाहिलं ते आमच्या भिंतीपाशी. केळीच्या पिल्लासारखं, आणि चुरगाळलं की हाताला वास. आत्यांचा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या पाण्याला त्या 'वाया' म्हणायच्या थांबल्या.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातं.

जुलै २०२१ मध्ये पूर आला. आमच्या घरात पाणी शिरलं नाही. पूर ओसरल्यावर नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवतात, आणि वाढवायलाच हवं. नाहीतर पुरामागून साथ येते. माझ्या माशांसाठी गावाने कावीळ अंगावर घ्यावी असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. चूक पुढची आहे आणि ती माझी आहे. फिल्टर बसवल्यावर काही महिन्यांनी मी त्याच लाइनवरून स्वयंपाकघराच्या सिंकला एक फाटा काढला होता. फिल्टर आहेच तर भाज्या धुवायलाही चांगलं पाणी मिळेल, म्हणून. तासाला एक लिटरसाठी ठेवलेल्या कँडलमधून रोज शंभर-दीडशे लिटर पाणी जाऊ लागलं. कँडल अकरा महिन्यांत बदलली नव्हती. दुसरी कँडल मागे लावलेली नव्हती. मध्ये नळ नव्हता, वही नव्हती, सही नव्हती.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता घरी आले तर पाचही मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून होते. कल्ले उघडे, कडा पांढुरक्या. सगळ्यात मोठा, शेपटीवर पांढरा ठिपका असलेला, एका कुशीवर तिरका झाला होता आणि सरळ व्हायचा प्रयत्न करत होता. मी ड्रिपर बंद केला, हायपो टाकला, हवेचा दुसरा पंप लावला. मग रसायनाचे दोन थेंब घेऊन तपासलं. नळाचं पाणी गडद पिवळं झालं. फिल्टरमधून आलेलं पाणीही पिवळंच. दोन्ही परीक्षानळ्या मी खिडकीसमोर धरल्या आणि त्या रंगात फरक शोधत राहिले. फरक नव्हता. संध्याकाळपर्यंत तीन मासे गेले.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या खोलीत मधल्या नळाखाली नमुना धरताना माझा हात थरथरत होता. इथलं पाणी स्वच्छ होतं, वहीत तसं लिहिलं. सही करताना मनात एकच होतं, की जे मला इथे इतकं नीट येतं ते मी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत गेले होते. मासे मुके आहेत. माझा पेशंट निदान म्हणतो, ताई, पाठीत दुखतंय.

आता लाइन वेगळी आहे. सिंकचा फाटा बंद केला. स्पन फिल्टर, त्यामागे कार्बन, त्यामागे आणखी एक कार्बन, आणि दोन कार्बनच्या मध्ये टी लावून छोटा नळ. स्पन फिल्टर पावसाळ्यात तीन आठवड्यांनी काढते. उलगडला की आत कृष्णाकाठची माती असते, बोटाला मऊ लागणारी, गाळाच्या शेतासारखी. उन्हाळ्यात तोच दोन महिने टिकतो. पहिली कँडल सहा महिन्यांनी काढायची, दुसरी तिच्या जागी सरकवायची, मागे नवी लावायची. जुनी कँडल अजून चालली असती असं वाटलं तरी काढायची, कारण क्लोरीन गेलेल्या पाण्यात कोळशावर बुरशी-जिवाणूंचा थर धरतो आणि वास यायला लागतो. टाकीशेजारी खिळ्याला शाळेची दोनशे पानी वही टांगलेली आहे. तारीख, मधल्या नळाचा निकाल, ड्रिपरचं तासाचं माप. रविवार आता दुपारी झोपायला मोकळा असतो. उरलेले दोन मासे आणि नंतर आणलेले दोन, चौघंही रविवारी इतर दिवसांसारखेच फिरतात.

तासगावच्या काकांना तीन मासे गेल्याचं सांगितलं होतं. ते बराच वेळ मशीनच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिले. मग विचारलं, "ड्रिपर तर ठीक हाय न्हवं?" मी हो म्हटलं. नंतर त्यांच्या मुलीच्या आग्रहाने ते पोटाच्या डायलिसिसवर गेले. सीएपीडी म्हणतात त्याला. पोटात द्रव भरायचा, काही तासांनी बदलायचा, रोज, घरीच. मशीन नाही, सोमवारची धास्ती नाही. प्रत्येकाला ते मानवत नाही, स्वच्छता फार कडक पाळावी लागते. त्यांना मानवलं. तपासणीला आले की खाली वॉर्डात डोकावतात, आणि आधी माशांचं विचारतात.

गेल्या महिन्यात मला सलग दोन शिफ्ट कराव्या लागल्या. संध्याकाळी आत्यांचा फोन आला. आत्या कामावर असताना कधी फोन करत नाहीत, त्यामुळे मी घाबरूनच उचलला. लाइट दुपारपासून गेली होती, हवेचा पंप बंद पडला होता. त्यांनी खुर्ची ओढून टाकीजवळ घेतली होती, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, मासे वर आलेत का? "न्हाई. खालीच हिंडत्यात." मग फोन बहुतेक त्यांनी पाण्याजवळ नेला, कारण मला काहीतरी टपटपल्यासारखं ऐकू आलं.

"थेंब पडतोय गं," आत्या म्हणाल्या. "तू ये सावकाश."